मामांचं बंदर

लातूरच्या माणसाला मुंबई एका दिवसात उरकता येते. रात्री जेवून गाडीत बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर मंत्रालय-बिंत्रालय जे काय असेल ते करायचं आणि रात्रीच्याच गाडीनं परत. मुक्कामाचा खर्च वाचतो. पाठीचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. ही सोय अर्थात एकट्या माणसासाठी आहे. सोबत मामा असले की हिशेब बदलतो.

मामांना समुद्र बघायचा नव्हता. बंदर बघायचं होतं, कारण तूर. 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी झाल्यापासून मोझांबिक, टांझानिया, म्यानमार ही नावं मामांच्या तोंडी औसा-निलंग्याइतकी सहज येतात. आडतीवर भाव उतरला की कुणीतरी हमखास म्हणतं, "बंदरावर माल लागलाय." मामांच्या घरी माजघरात तुरीच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी आढ्याला टेकलेली. मामी तिच्यामागून तिरप्या होऊन देवघरात जातात.

"ते बंदर एकदा बघूनच येऊ," मामा म्हणाले. भावकीतल्या भांडणाला निघावं तसा आवाज.

मामींनी धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी दिली आणि वर दहा लिटरचा पाण्याचा कॅन. मी म्हणालो, "मामा, मुंबईत पाणी मिळतंय की."

"2016 ला तू कुठं होतास?" मामांनी विचारलं.

मी गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी रेल्वेनं आलं, तेव्हा मामा स्टेशनात उभे होते. "रेल्वेनं पाणी आणता येतंय, तर नेता बी येतंय," एवढं बोलून त्यांनी कॅन माझ्या हातात दिला.

डब्यात निम्मे प्रवासी हे 'लातूर पॅटर्न'साठी लेकरू क्लासला घालून परतणारे आईबाप. त्यांचे चेहरे फी भरलेले. मामांचा बर्थ वरचा. मामांनी बर्थकडं पाहिलं, मग खालच्या बर्थवरच्या गृहस्थाकडं पाहिलं, मग आपल्या गुडघ्यावर हात ठेवून नुसतं "आई गं" म्हणाले. मागणी नाही, विनंती नाही. गृहस्थ निमूट वर चढले. मामा लगेच मांडी घालून बसले, त्या गुडघ्यांवरच, आणि धपाट्याचा डबा उघडून त्यांना वर एक पोचवला. मग कॅन कुठं ठेवायचा यावरून सहा बाकांची परिषद भरली. शेवटी तो माझ्या पायांत आला.

कुर्डुवाडीला मामा मुद्दाम जागे झाले. 1911 साली लातूरला पोचलेली बार्शी लाइट, तिची चाल, तिचा धूर, हे त्यांनी अख्ख्या डब्याला ऐकवलं. रात्रीचे किती वाजलेत याचा त्यांच्या निवेदनावर परिणाम झाला नाही. ती नॅरोगेज जाऊन 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर सगळा मार्ग मोठा झाला, म्हणून तर मी आज मुंबईला कॅन घेऊन चाललो होतो. आता हेही खरं की आमच्या भागाला बंदर काही नवं नाही. पहिल्या शतकात कुणा ग्रीक लिहिणाऱ्यानं नोंदवून ठेवलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर. माल गाड्यांवर लादून जायचा. त्या गाडीवानांच्या सोबतीलाही मामा असणार, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

मुंबईत उतरलो, टॅक्सीवाल्याशी व्हायचं ते झालं, गेटवेला घारापुरीची लाँच धरली. मामांना धोतरावर केशरी लाइफ जॅकेट घातलं. डोक्यावर टोपी, पायाशी कॅन. दोन परदेशी बायांनी त्यांचा फोटो काढला. मामांनी छाती पुढं काढली.

मग जहाजं दिसायला लागली. मामा उठून कठड्याला गेले.

"ह्यातलं तुरीचं कोणतं?"

लाँचवाला पोरगा चक्रावला. "काका, ते तेलाचं आहे. जवाहर द्वीपला लागतात ती."

"मी तेल इचारलं का?"

त्यानं लांबवर दिसणाऱ्या उंच क्रेनांकडं बोट केलं. न्हावा शेवा. 1989 पासून चालू असलेलं बंदर. कंटेनरवर कंटेनर रचलेलं एक अजस्र जहाज तिकडं सरकत होतं. मामा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"आपल्या मोंढ्यातल्या साऱ्या आडती ह्याच्यात मावत्याल," ते म्हणाले. आवाजात राग कमी, कौतुकच जास्त. मग एकदम, "हे खालचं लाल काय?"

पोरानं सांगितलं, जहाज भरलेलं असलं की पाण्यात खोल बसतं, रिकामं असलं की वर येतं आणि तळाचा लाल रंग दिसतो. मामांचे डोळे बारीक झाले. त्यानंतर घारापुरीच्या धक्क्यावरची छोटी गाडी ("बार्शी लाइट! हितं आणून ठिवली व्हय!"), पायऱ्या, त्रिमूर्ती ("आपलं खरोशाचं लेणं काय वाईट हाय?"), हे सगळं त्यांनी भरभर उरकलं. येताना पुन्हा कठड्याला. नांगरलेल्या एकेका जहाजाचा लाल पट्टा ते आडतीतला कट्टा बघावा तसे बघत होते. कॅनमधलं पाणी त्यांनी लाँचवाल्या पोरालाही पाजलं.

रात्री गाडीत बसल्या बसल्या त्यांनी समोरच्याला विचारलं, "घरी तूर हाय का?"

समोरचा तालुक्याला मास्तर होता. होती त्याच्या भावाकडं थोडी.

"इकू नका. मी आज बंदरावरूनच आलाव. जहाजं सारी वर तरंगालीत, लाल दिसालंय. माल न्हाई."

मी म्हणालो, "मामा, त्यातली निम्मी तेलाची होती."

"तू उगं झोप."

मी झोपलो. पहाटे येडशीच्या अलीकडं जाग आली, तेव्हा मास्तर फोनवर भावाला ओरडून सांगत होता, "बंदरावरची पक्की खबर हाय!" पलीकडच्या खणातले दोघं त्याच्याकडून ऐकून आपापल्या घरी फोन लावत होते. लातूर येईपर्यंत आमच्या डब्यात तुरीला क्विंटलमागं शंभराची तेजी आली होती.