मालकाचा रकाना

काल रात्री माझ्याच घरात, माझ्याच पैशांनी घेतलेल्या हार्ड डिस्कनी मला 'परमिशन डिनाइड' सांगितलं. भाच्याच्या मुंजीचे फोटो टाकायचे होते फक्त. जुनी एक्सटर्नल डिस्क रास्पबेरी पायला (तळहाताएवढा लिनक्स कॉम्प्युटर) जोडली, साम्बा हा फाइली वाटून द्यायचा प्रोग्राम टाकला, म्हणजे घरात सगळ्यांना वायफायवर दिसेल. दिसली पण! आई टीव्हीवर स्वतःच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ लावून बसली. पण नवीन फाइल टाकायला जा, की नाही म्हणजे नाही. इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या ठेल्यापुढे उभं करून तळलेले गराडू नुसते दाखवायचे, त्यातला प्रकार.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले, शेवेची बरणी परत द्यायला. काका तहसीलमधून रिटायर झालेत आणि इंदुरात अर्ध्या लोकांच्या जमिनीचे कागद आपल्याच हातून गेलेत असं त्यांचं म्हणणं आहे.

"काय झालं रे?"

"परवानगी नाही म्हणतंय."

काका बसलेच. बरणी हातातच.

"मालक कोण?"

"मीच की."

"ते तू सांगतोयस. रेकॉर्डवर कोण आहे?"

आता काय बोलणार, काढलं रेकॉर्ड. प्रत्येक फाइलपुढे एकच नाव, रूट.

"हा कोण?"

"सिस्टमचा सर्वेसर्वा असतो काका."

"म्हणजे कलेक्टर. मग नामांतरण करून घे, एवढं काय!"

आणि गंमत म्हणजे तशी कमांड खरंच असते, चाऊन. सुडो लावून मारली, म्हणजे कलेक्टरच्याच सहीनी. उत्तर आलं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. काका हळू आवाजात म्हणाले, "कलेक्टरलाही नाही? अरे भिया, जमीन वादातली दिसते."

मग नेटवरचा रामबाण, परवानग्या बदलायची कमांड, सीएचमॉड ७७७. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज सात, आणि ते तीनदा, मालकाला, गटाला आणि उरलेल्या दुनियेला. (घराचं दार सताड उघडं टाकण्यातलाच प्रकार हा, पण अकरा वाजता कोणाला तत्त्वं सुचतात.) मारली कमांड. एरर नाही, काही नाही, मी खूश. परत बघतो तर परवानग्या जशाच्या तशा.

"हे बरोबर आमच्यासारखं आहे," काका कौतुकानी म्हणाले. "अर्ज ठेवून घ्यायचा, नाही म्हणायचं नाही, करायचं पण नाही. चहा टाकतोयस का?"

चहा टाकला. दुसरा पण टाकला. मग कळलं की डिस्क एक्सफॅटमधे (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉर्मॅट केलेली होती, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालावी म्हणून, मीच, कधीतरी. आणि एक्सफॅट फाइलचा मालक लिहूनच ठेवत नाही. डिस्क माउंट करताना, म्हणजे सिस्टममधे जोडून घेताना, जो सांगाल तो मालक, न सांगितलं तर माउंट करणारा, म्हणजे रूट. हे एका ओळीत सांगायला काय जात होतं त्या यंत्राचं? चाऊनला नाही म्हणतं, सीएचमॉडला हो म्हणतं, दोन्हीचं कारण एकच आणि ते मात्र सांगत नाही. दोन तास गेले माझे, आणि सकाळी ऑफिस होतं.

काकांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे रजिस्टरमधे मालकाचा रकानाच नाही. मग तू इतका वेळ नामांतरण कशावर करत होतास?"

मी गप्प. एफएसटॅबमधे, म्हणजे कुठली डिस्क कशी माउंट करायची ते लिहायच्या फाइलमधे, यूआयडी १०००, जीआयडी १००० (म्हणजे मी आणि माझा गट) लिहिलं, अनमाउंट करायला गेलो तर 'टार्गेट इज बिझी'. आईचा व्हिडिओ तिसऱ्यांदा सुरू होता, आणि तिला बंद कर म्हणायची परमिशन मला या घरात कधीच नव्हती. केक कापून, सगळ्यांची भाषणं होऊन, साडेबाराला डिस्क सुटली. परत माउंट केली, फोटो गेले.

आज सकाळी पोहे आणायला गेलो तर काका ठेल्यावर चार जणांना सांगत होते, "याची केस अडकली होती, मी काढून दिली." दुपारी शेजारच्या वहिनी प्रिंटर बिघडला म्हणून विचारायला आल्या. माझ्या दारावरून सरळ वर, काकांकडे.