बंब आला, पण कमानीत अडकला

मार्च लागला की आमच्या वाडीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दोनच विषय, शिमग्याची पालखी आणि वणवा. परवा दुपारी सड्यावरचं, म्हणजे वाडीवरच्या कातळाच्या माळावरचं गवत पेटलं. कोण म्हणतं तारा घासून ठिणगी पडली, कोण म्हणतं बिडी, आणि जाळलं की पुढच्या पावसात गवत जोरात येतं म्हणून कोणीतरी मुद्दाम लावलं असं म्हणणारा एक असतोच. वारा नेमका दुपारनंतरचा समुद्राकडचा, त्यात आम्ही वीसेक जण ऐनाचे डहाळे घेऊन झोडपतोय, पाणी हंड्याने. बंब तालुक्याहून दीड तासाने आला आणि स्वागत कमानीत अडकला! कमानीवर नावं मात्र सगळ्यांची आहेत, ती बंबाच्या ड्रायव्हरने निवांत वाचली असतील. काकांची अठरा वर्षांची काजूची कलमं गेली. संध्याकाळी ते एकेका कलमाची साल नखाने खरवडून बघत होते, आत कुठे हिरवं राहिलंय का.

आता लोक वनखात्याला शिव्या घालतायत, पण जरा विचार करा, रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल आहेच किती? बहुतेक डोंगर खाजगी. वनखातं त्यांच्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढतं, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरून त्याआधी, आपल्या सड्यावर कोण काढणार? सातबारावर चाळीस नावं, त्यातली तीस मुंबईला, आणि बाकीच्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. पूर्वी हेच गवत गुरांना आणि घरं शाकारायला कापून जायचं. आता गोठे रिकामे आणि घरावर पत्रे, मग गवत कमरेएवढं उभं वाळतं आणि एका ठिणगीची वाट बघतं.

माझं म्हणणं एवढंच की वणवा मार्चमध्ये विझत नाही, तो डिसेंबरात विझवायचा असतो. बागांच्या कडेने आणि तारांखाली दहा-पंधरा फुटांचा पट्टा साफ करायला कितीसा खर्च येतो? पेव्हर ब्लॉकपेक्षा नक्कीच कमी. तो सुद्धा वारा पडल्यावर सगळ्यांनी मिळून जाळायचा, एकट्याने दुपारी जाळायला गेलं की तोच वणवा होतो, हे आपण बघितलंय. आणि पाण्याच्या टाकीला खाली एक अडीच इंची व्हॉल्व बसवा ना, बंबाला भरायला परत तालुक्याला जायला नको. पानं उडवायचे दोन-तीन ब्लोअर घ्या, वनखात्याची माणसं तेच वापरतात, डहाळ्यापेक्षा शंभरपट बरं. हे सगळं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायला लागतं, एप्रिलमध्ये ओरडून "पुढच्या वर्षी बघू" एवढंच ऐकायला मिळतं.

उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणचे एसएमएस पण येतात, वन अग्नी पोर्टलवर कोणीही नाव नोंदवू शकतं, मी नोंदवलंय. उपग्रह काही सारखा डोक्यावर नसतो त्यामुळे मेसेज उशिरा येतो, आमच्या ग्रुपवर बातमी आधी येते, पण रात्रीच्या आगीला उपयोग होईल. वनखात्याचा १९२६ नंबर पण सेव्ह करून ठेवा.

आणि मुंबईकरांनो, दिवाळीला येताच ना, या वेळी परतीचं तिकीट दोन दिवस उशिराचं काढा. विळे आम्ही देतो.