फोटोतल्या ढगांनी बहार झोडपला?

गारपीट झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. अटलांटिकवरच्या ढगांचा उपग्रहातून घेतलेला फोटो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी, अन् खाली मजकूर: ‘निसर्गात अशी नक्षी होत नाही. हे ढग पूर्वी नव्हते. हार्पच्या लहरी आणि विमानातली फवारणी यांनीच आपला आंबिया बहार झोडपला.’ (हार्प म्हणजे अलास्कातलं रेडिओ लहरींचं संशोधन केंद्र; आंबिया बहार म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा.)

नक्षी होत नाही? थंडीत सकाळी टपरीवर कडक कोरा चहा घ्या, कप तिरप्या उन्हात धरा. वाफाळत्या चहावर पांढरट धुक्याचा पातळ पापुद्रा दिसेल, त्यात काळ्या भेगा, अन् भेगांनी पाडलेली घरं. गरम चहा घरांच्या मधून वर येतो, गार होऊन भेगांतून खाली जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार यांनी १९०० साली द्रवाचा पातळ थर खालून तापवून अशीच षटकोनी घरं दाखवली होती.

मान्य, समुद्रावरचं प्रकरण चहाइतकं सोपं नाही. तिथे पाऊसही नक्षी काढतो. थेंब पडता पडता सुकतात, हवा गार अन् जड होऊन खाली येते, पाण्यावर चहूकडे पसरते. तिच्या कडेवर दमट हवा उचलली जाते आणि नवे ढग कमानीत उगवतात. जूनमध्ये सर यायच्या आधी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गार झोत अंगावर येतो ना, तोच हा प्रकार. शास्त्रज्ञांनी या नक्ष्यांना साखर, खडी, मासे, फुलं अशी घरगुती नावं दिलीत. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर बार्बाडोसजवळ विमानं आणि जहाजं नेऊन त्यांचा अभ्यास झाला.

‘पूर्वी नव्हते’ हे तर साफ खोटं. पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ एप्रिल १९६० मध्ये गेला, त्याच्याच फोटोंत ही घरं दिसली. हार्पचं बांधकाम १९९३ चं. त्याच्या लहरींचा रोख ऐंशी किलोमीटरच्या वरच्या आयनोस्फियरवर, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावर. हे ढग दोन-तीन किलोमीटरवर.

फवारणीनं ढग तयार होत नाहीत. कृत्रिम पावसाच्या विमानाला आधी ढग शोधावा लागतो. माणसाचा हात अगदीच नसतो असं नाही म्हणा. जहाजांच्या धुरानं ढगांत लांबच लांब पांढऱ्या रेघा उमटतात. पण त्या रेघा, पोळं नव्हे.

राहिला बहार. गारा पाडणारा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, माथ्याला बर्फ धरतो. फोटोतल्या ढगांचे माथे गोठणरेषेच्याही, म्हणजे ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्य अंशावर येतं तिच्याही, खाली आहेत. तिथे बर्फच नाही, तर काटोलच्या संत्र्यांवर गारा कुठून आणणार?