‘ट्रॅकसाठी टू-वेच घ्या’ हा सल्ला सरसकट का मानू नये

रेस ट्रॅकवर पळवायच्या गाडीला कुठला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे डिफ (एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, पण एकच चाक घसरू लागलं तर दोघांना बांधणारा गिअरसंच) बसवावा, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: प्लेटवाला (क्लच-प्लेटांनी चाकं बांधणारा) टू-वेच घ्या, लॉक (दोन चाकं एकमेकांना बांधणं) जितकं जास्त तितकी लॅप जलद, हेलिकल (प्लेटांऐवजी तिरक्या दातांच्या गिअरवर चालणारा) फक्त रस्त्यावरच्या गाड्यांसाठी, आणि एकदा बसवला की बघायला नको. हा सल्ला इतका फिरलाय की नवखे लोक डोळे झाकून तोच डिफ मागवतात. डिफ बदलणं खर्चाचं आणि उघडण्या-जोडण्याचं काम आहे, म्हणून हे आधीच तपासलेलं बरं.

‘लॉक जास्त तितकं चांगलं.’ सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं. डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर असेल, तर अर्धवर्तुळाकार वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त धावतं, मग वळण लहान असो वा मोठं. लहान वळणात हा सगळा फरक थोडक्या अंतरात पडावा लागतो. डिफ फार घट्ट असला की तो पडू देत नाही. टायर घासतात आणि गाडी सरळ जायला बघते. चालक स्टिअरिंग आणखी पिळतो, पुढचे टायर तापतात. बाहेर पडताना जे कमवायचं, ते शिरतानाच गमावलेलं असतं.

‘टू-वेच हवा.’ टू-वे रेस (ॲक्सिलरेटर) दिल्यावर लॉक होतो, तसा ती सोडल्यावरही होतो. मागची चाकं ओढणारी गाडी जोरात ब्रेक मारताना शेपूट हलवत असेल, तर याचा खरंच आधार होतो. पण मुळातच वळायला आळशी असलेल्या गाडीत तो आळस वाढवतो. तिथे वन-वे किंवा १.५-वे बघावा: वन-वे रेस सोडल्यावर रॅम्पने (प्लेटा दाबणाऱ्या आतल्या उतारांनी) लॉक करत नाही, १.५-वे थोडंच करतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर टू-वे जवळजवळ नकोच, कारण जी चाकं वळवायची तीच तो एकमेकांना बांधून ठेवतो.

‘हेलिकल ट्रॅकसाठी नाही.’ मग होंडाने सिव्हिक टाइप आरला हेलिकल कशाला दिला असता? एक चाक पेलतं त्याच्या किती पट टॉर्क (फिरवणारा जोर) दुसऱ्याला देता येतो, या गुणोत्तरावर त्याचं काम चालतं. गुणोत्तर २.५ असेल आणि आतलं चाक ३०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर बाहेरच्याला ७५० पर्यंत मिळू शकतात. लॉक टॉर्कबरोबर चढतं-उतरतं, त्यामुळे स्टिअरिंगला हिसके कमी बसतात. त्याचा दोष मात्र खरा आहे: शून्याची अडीचपट शून्यच. आतलं चाक कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवरून) उचललं की ते हवेत भणाणतं, इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी जागच्या जागी अडखळल्यासारखी वाटते. प्लेटवाल्यात प्रीलोड (प्लेटांवर आधीपासूनच दिलेला दाब) असतो, म्हणून तो अशा वेळीही ओढत राहतो.

म्हणून डिफ निवडण्याआधी कुणालातरी वळणाबाहेर उभं करून व्हिडिओ काढून घ्या आणि ओढणारं आतलं चाक जमिनीवर राहतं का ते बघा. राहत असेल तर हेलिकल पुरतो. उचलत असेल, तर आधी त्या ॲक्सलचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) नरम करून पाहा. बऱ्याचदा डिफच्या माथी मारलेली तक्रार तिथेच मिटते. तरीही उचललं तर प्लेटवाला घ्या, पण रॅम्प आणि प्रीलोड बदलता येणारा.

‘एकदा बसवला की विसरा.’ हेलिकलला हे बरंचसं लागू पडतं, त्यात झिजणारे क्लच नसतात. प्लेटवाल्याला अजिबात नाही. प्लेटा झिजतात, प्रीलोड उतरतो आणि तेल लवकर खराब होतं. तपासणी सोपी आहे: ओढणाऱ्या ॲक्सलचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्यांना अडण्या लावा, गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक त्याच ॲक्सलवर असेल तर सोडा, आणि टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) उचललेलं चाक हळू फिरवा. ज्या आकड्याला ते सुटतं तो लिहून ठेवा. बसवल्यावर लगेच घेतलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली आला असेल, तर पुढच्या ट्रॅक डेच्या आधी डिफ उघडा.