'आधी वाचायला शीक' म्हणण्याआधी

"अरे, आत्ताच तर वाचलास ना हा शब्द!"

हे वाक्य मी माझ्या भाच्याला किती वेळा ऐकवलं असेल, त्याची मोजदाद नाही. पहिल्या ओळीतला 'सूर्य' तो बरोबर वाचायचा आणि तिसऱ्या ओळीत त्याच शब्दापाशी त्याचं बोट अडायचं. 'सूर... सूत...' असं चाचपडत हळूच माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, लक्ष नाही याचं. पण लक्ष इतकं असायचं की दहा मिनिटांत कपाळावर घाम यायचा.

त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकताना येणारी अडचण, आहे हे कळल्यावर मी 'सूर्य' हा शब्द पहिल्यांदा नीट पाहिला. बोलताना 'र' आधी आणि 'य' नंतर येतो. लिहिताना मात्र त्या 'र'चा रफार होतो आणि तो 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. सरावलेल्या डोळ्यांना हे जाणवतही नाही, कारण शब्द दिसताक्षणी ओळखू येतो. डिस्लेक्सियात अक्षर आणि आवाज यांची सांगड सहज बसत नाही, म्हणून ओळखीचा शब्दसुद्धा पुन्हा पुन्हा फोडून वाचावा लागतो. सगळी ताकद त्यातच गेली, तर वाक्याचा अर्थ धरून ठेवायला काय उरणार? हा डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचा तर नाहीच. (रंगीत काचांच्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. त्यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भक्कम पुरावा नाही.)

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चुणचुणीत, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. इतकं नेमकं निरीक्षण सव्वाशे वर्षांपूर्वी झालंय आणि आपण अजून मुलांना सांगतोय, 'आधी वाचायला शीक, मग बाकीचं.'

माझं भांडण या 'आधी'शी आहे.

वाचन शिकवायलाच हवं. शब्दातले आवाज सुटे करून, एकेक पायरी चढत, तोंडाने म्हणत आणि हाताने गिरवत, भरपूर उजळणी करून. त्याने फरक पडतो, मी रोज बघते. पण याला महिने नाही, वर्षं लागतात. तोवर या मुलाने ज्वालामुखी, ग्रहणं, राजेराण्यांच्या लढाया यांतलं काहीच जाणून घ्यायचं नाही का? जो कमी वाचतो त्याच्या कानावर-डोळ्यांवर नवे शब्द कमी पडतात, शब्द कमी म्हणून पुढचं वाचन आणखी जड जातं, आणि वर्गातल्या बाकीच्यांशी अंतर वाढत जातं. म्हणून पुस्तक ऐकवायचं. मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर ऑडिओबुक लावा.

"पण ही चीटिंग नाही का?" असं मला जवळच्याच माणसांनी विचारलंय. मी म्हणते, परीक्षा कशाची आहे ते एकदा ठरवा. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचाय की वाचनाचा वेग? इतिहास तपासायचा असेल, तर प्रश्न वाचून दाखवल्याने किंवा जास्त वेळ दिल्याने त्याला उत्तर आयतं मिळत नाही. जे येतं ते सांगायची संधी फक्त मिळते.

शिक्षकांना एकच कळकळीची विनंती. या मुलांना अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका. चाळीस जणांसमोर एका शब्दावर अडकणं काय असतं, ते माझ्या भाच्याच्या बाबांना विचारा. डिस्लेक्सिया घराण्यात उतरू शकतो हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा नंबर जवळ आला की मी पाणी प्यायला जायचो."

भाच्याच्या बाईंनी हे ऐकून घेतलं. आता वर्गात कुठला परिच्छेद वाचायचाय ते त्या त्याला आदल्या दिवशी सांगतात. काल संध्याकाळी तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, उद्याच्यात सूर्य दोनदा आलाय." आम्ही पेन्सिलीने दोन्ही रफारांभोवती गोल केले. मग त्याने वाचायला सुरुवात केली आणि मी मध्ये बोलले नाही.