दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

गेल्या पावसाळ्यात आईच्या कमरेवर, परकराची नाडी बांधतात तिथे, एक गोल चट्टा उठला. नायटा. तिने कुणालाच सांगितलं नाही. अशा जागेचं दुखणं आमच्याकडे बायका बोलत नाहीत. शेजारच्या मुलाला पाठवून तिने मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणवली. दोन दिवसांत खाज थांबली, ट्यूब फडताळात गेली. आठवड्याभरात चट्टा परत, ट्यूब परत. असे आठ महिने.

मला कळलं तोवर नायटा पोटावर आणि मांड्यांवर पसरला होता. जांघेत कातडी इतकी पातळ झालेली की बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा लाल रेघा उमटल्या होत्या. नायटा बरा होतो. या रेघा पूर्ण जात नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा आई नुसती पदर चाचपत बसली.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि सोबत जहाल स्टिरॉइड. नायटा म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगणारी बुरशी. लाली आणि खाज हा शरीराने तिच्याशी मांडलेला झगडा असतो. स्टिरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. आपल्याला वाटतं बरं वाटतंय, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. पुढे चट्ट्याचा गोल आकारही पुसट होतो, आणि एखाद्या डॉक्टरांनाही तो इसब वाटू शकतो. आईचं निदान कातडी खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून झालं.

मला राग याचा येतो की हे कायद्याने थांबवलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या इथे काउंटरवरून ती एका पोराच्या हातात दिली गेली, तीही आठ महिने. काउंटरपलीकडच्या माणसाने एकदा तरी विचारायला हवं होतं, "कुणाला लावताय? कुठे?"

आणि हे एका घरापुरतं नाही. नायट्यावर वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी बुरशी आता आपल्याकडे सर्रास सापडते. २०२० साली जपानी संशोधकांनी तिचं नाव ठेवलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपला देश आहे, याची मला लाज वाटते. स्टिरॉइड मिसळलेली मलमं वाटेल तशी वापरली जाणं हे तिच्या फैलावामागचं एक कारण असावं, असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

आईला गोळ्या घ्याव्या लागल्या. बाबांनाही चट्टा निघाला, म्हणून दोघांचे उपचार एकदम केले. टॉवेल वेगळे, परकर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, नाडीच्या शिवणीवर इस्त्री. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं, आणि कातडी साफ दिसल्यावरही दोन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण याला दोन दिवसांची वाट नाही.

तुमच्या घरातली ट्यूब उलटी करून बघा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसलं तर नायट्यावर ती लावू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत न्या, किती दिवस लावली ते खरं सांगा. आणि आईला, सासूबाईंना, कामाला येणाऱ्या मावशींना एकदा बाजूला घेऊन विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.