नवी पेठेतले ९५ हजारांचे कोटेशन

आज दुपारी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका संगणकाच्या दुकानात थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून लावायच्या मलमाची) नळी घ्यायला गेले होते. पाच मिनिटांचे काम होते, पण तिथे जे पाहिले त्यामुळे संध्याकाळपासून कशातच लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

काउंटरसमोर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आणि त्याचे वडील बसले होते. वडिलांच्या हातात छापील कोटेशन होते, नवीन गेमिंग पीसीचे, जीएसटी धरून ९५ हजारांच्या थोडे पुढे. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते आणि प्रत्येक ओळीशी थांबून मुलाकडे पाहत होते. मुलाची तक्रार एवढीच होती की विंडोज ११ टाकल्यापासून त्याचा नेहमीचा गेम, व्हॅलोरंट, सुरूच होत नाही. मोबाइलवर त्याने पडद्याचा फोटो काढून आणला होता आणि त्यात ‘व्हॅन ९००१’ हा संदेश स्पष्ट दिसत होता. दुकानातल्या माणसाने तो फोटो नीट पाहिलाही नाही. “मशीन जुनी झाली, आता यावर काही चालणार नाही, आणि घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, पुढच्या आठवड्यात भाव अजून वाढणार,” असे त्याने एका दमात सांगून टाकले.

वडिलांनी माझ्याकडे पाहून विचारले, “ताई, घ्यायलाच लागतंय का हो हे?” आणि मी, जिला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, तिने परक्याच्या धंद्यात कशाला बोला म्हणून मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा मला आत्ता सर्वांत जास्त राग येतो आहे.

मुलाकडे रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आहे, बी४५० मदरबोर्ड आहे, जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि जुनी हार्ड डिस्क आहे. हा प्रोसेसर २०१८ सालचा असला तरी विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या यादीत तो आहे. ‘व्हॅन ९००१’ या संदेशाचा अर्थ मशीन म्हातारी झाली असा होत नाही. विंडोज ११ वर हा गेम चालण्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) या दोन गोष्टी चालू असाव्या लागतात, आणि त्या वेळच्या बऱ्याच बोर्डांवर टीपीएमची सोय असूनही ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. कोणा मित्राने तपासणी टाळून पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकून दिले, त्यामुळे ही गोष्ट त्या वेळी लक्षात आली नाही. बायोसमध्ये जाऊन या दोन्ही गोष्टी चालू करायच्या. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती आधी नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यावी लागते, म्हणजे तासाभराचा खटाटोप वाढतो. या सगळ्याला पैसा लागत नाही. या कामासाठी ९५ हजारांचे कोटेशन छापले गेले.

माझा राग केवळ दुकानदारावर नाही, हे मला ठाऊक आहे, कारण २०२१ च्या मे महिन्यात मी स्वतः हीच चूक केली आणि तिचे पैसे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, भरले.

माझ्याकडे तेव्हा आय५ ८४०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड होते. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटे सुरळीत चालायचा आणि मग अडखळायला लागायचा. मी मनाशी ठरवूनच टाकले की कार्ड जुने झाले. लॉकडाउन होता, जगभर चिपांचा तुटवडा होता, इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग करणारे (कार्डांकडून गणिते करवून ते चलन मिळवणारे) लोक मिळेल ते कार्ड उचलत होते, आणि एरवी बारा-तेरा हजारांना मिळणारे जीटीएक्स १६५० मला २४ हजारांना सांगितले गेले. “पुढच्या महिन्यात हेही मिळणार नाही,” हे वाक्य मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. अण्णांनी भिशीचे पैसे उचलले. कार्ड आले, बसवले, गेम सुरू केला, आणि बरोबर अठराव्या मिनिटाला तो पूर्वीसारखाच अडखळला.

माझे डोळे भरून आले होते. अण्णा पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, आयुष्यभर त्यांनी बिघडलेले माग दुरुस्त केले. त्यांना संगणकातले काही कळत नाही. त्यांनी येऊन कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “अगं, हे तर भट्टीवाणी तापलंय की. आधी उघडून बघ.” उघडून पाहिले तर प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांवर, करड्या रंगाचा एक जाड थर बसला होता, इतका घट्ट की चिमटीत धरून ओढल्यावर तो एखाद्या फेल्टच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. आमचे घर कारखान्याला लागून आहे, तेव्हा सुताचे बारीक तंतू दिवसरात्र हवेत असतात, आणि तीन वर्षे पंख्याने ते आत ओढले होते. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर ९८ अंशांपर्यंत जात होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. अण्णांनी मागावर वापरायचा ब्रश आणून दिला, मी दीडशे रुपयांची पेस्ट लावली, आणि गेम दोन तास अडखळला नाही. पुढे कुतूहल म्हणून जुने कार्ड पुन्हा लावून पाहिले, तर मी खेळत होते त्या गेमला तेही पुरत होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले आणि मी २४ हजारांना घेतलेले कार्ड त्या दिवाळीत नवेच्या नवे चौदा हजारांना मिळत होते. अण्णा त्याबद्दल आजपर्यंत मला एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

आता भीती रॅमची आहे. ती खोटी नाही, हे मला मान्य करावे लागेल. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांनी आपले उत्पादन वळवले, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. जे थांबले त्यांचे या वेळी नुकसान झाले, तेही खरे. परंतु भाव वाढले म्हणून गरज नसलेली वस्तू घ्यायची, हा कुठला न्याय? उलट रॅम महाग असताना एएमडीच्या नव्या एएम५ किंवा इंटेलच्या नव्या बोर्डावर जाणे म्हणजे डीडीआर५ चा सगळा भुर्दंड एकदम अंगावर घेणे होय. त्या मुलाच्या बोर्डावर आधीच्या पिढीची डीडीआर४ चालते. त्याला आणखी एक ८ जीबीची स्टिक आणि एक साधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) मिळाली, तर त्याची मशीन ओळखू येणार नाही इतकी बदलेल. एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर चालते आणि प्रोसेसरला माहिती हवी त्या वेगाने मिळत नाही. दुसरी स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवली की हा अडथळा दूर होतो. आणि कधी प्रोसेसर कमी पडलाच, तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. कोटेशनमध्ये यातले काहीही नव्हते. काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे मात्र होते.

अण्णा म्हणायचे की माग थांबला म्हणून कोणी माग बदलत नाही, आधी दोरा कुठे तुटतो ते बघायचे. संगणकातला दोरा कुठे तुटतो हे पाहणे मागापेक्षा सोपे आहे. गेम चालू असताना कार्ड ९५ ते ९९ टक्के वापरले जात असेल आणि तरीही फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रे) कमी पडत असतील, तर कार्ड अपुरे आहे. कार्ड ६० टक्क्यांवर आरामात बसले असेल आणि प्रोसेसर धापा टाकत असेल, तर नवे कार्ड आणून काही उपयोग नाही. रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) १०८० वरून ७२० वर आणून पाहा. फ्रेम्स तेवढ्याच राहिल्या तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. तापमान तर सर्वांत आधी पाहायचे, निदान आपल्या सोलापुरात तरी, कारण मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये पंख्याची हवासुद्धा चाळीस अंशांची असते आणि कॅबिनेटने थंड हवा आणायची कुठून? आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा, असेल तर १४० फ्रेम्स देणाऱ्या कार्डाचे पैसे आपण कोणाला दाखवायला मोजतो, याचेही उत्तर स्वतःला द्यावे. फार वेगवान खेळांत माउसला मिळणारा प्रतिसाद थोडा सुधारतो, हे खरे, पण त्यासाठी कोणी बापाला भिशी उचलायला लावू नये.

मुलगा आणखी एक गोष्ट हळूच म्हणाला होता, की जीटीए ६ येणार आहे, त्यासाठीही आत्ताच मशीन घेऊन ठेवायची आहे. दुकानदाराने मान डोलावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार हा गेम १९ नोव्हेंबर २०२६ ला यायचा आहे, आणि तोही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सध्याच्या पिढीवर. संगणकासाठीची तारीख त्या घोषणेत नव्हती. याआधीचा पाचवा भाग कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या अशा यंत्रांवर, २०१३ च्या सप्टेंबरात आला आणि संगणकावर यायला २०१५ चा एप्रिल उजाडला. जो गेम संगणकावर कधी येणार हे ठरलेले नाही, त्याला कोणते कार्ड लागेल हे आज कोण सांगणार? त्याच्यासाठी आज घेतलेली मशीन तो येईपर्यंत कदाचित दोन उन्हाळे आणि निम्मी वॉरंटी खाऊन बसलेली असेल.

इतके लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे, आणि त्या मुलाचा चेहरा आठवतो आहे. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्याचे मित्र रात्री एकत्र खेळतात आणि महिनाभर हा बाहेर बसून त्यांचे आवाज ऐकतो, हे त्याने वडिलांना दोनदा सांगितले. मलाही २०२१ मध्ये तेवढेच हवे होते. दुकानदारालाही भाडे भरायचे असते आणि ऑनलाइन भावाशी रोज झगडायचे असते, हे कळते. पण म्हणून ‘आधी मशीन आणून दाखवा’ हे चार शब्द बोलणे त्याला जड नव्हते.

नवीन मशीन कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. थांबतच राहिले तर घेणे कधीच होत नाही, कारण दर दोन-अडीच वर्षांनी नव्या पिढीची कार्डे येतच राहतात. मी स्वतः २०२४ मध्ये पूर्ण मशीन बदलली, कारण मला हवे असलेले दोन गेम रे ट्रेसिंगचे (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नव्हते, पैसे माझे स्वतःचे होते आणि हप्ता नव्हता. त्या वेळी मी सर्वांत जास्त विचार एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या भागाचा) केला, कारण आमच्या भागात संध्याकाळी माग चालू-बंद होताना दिवे अजूनही मिणमिणतात. कॅबिनेट पुढून जाळीचे घेतले, आत धूळ अडवणारा फिल्टर आहे, तो दर पंधरा दिवसांनी मी धुते. अण्णा अजूनही येता-जाता त्या कॅबिनेटवर तळहात ठेवून पाहतात.

दुकानातून निघाल्यावर मी पुढे चहाच्या गाड्यापाशी थांबले होते. दहा मिनिटांनी ते दोघे बाहेर आले, कोटेशन वडिलांच्या खिशात होते आणि “सोमवारी पैसे घेऊन येतो” असे ते सांगून आले होते. तेव्हा मात्र मी बोलले. जे वर लिहिले आहे ते सगळे बोलले, बहुधा जरा मोठ्या आवाजात. मुलाला आधी पटले नाही. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ताई, तुम्ही एकदा येऊन बघाल का?” रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाणार आहे. ब्रश, पेस्ट आणि पेन ड्राइव्ह आताच पिशवीत भरून ठेवले आहेत.

माझी जुनी एसएसडी पडून आहे, ती मी देणार आहे. रॅम मात्र माझ्याकडे नाही. सोलापुरात कोणाकडे डीडीआर४ ची डेस्कटॉपची ८ जीबी स्टिक पडून असेल (लॅपटॉपची बसत नाही), तर शनिवारपर्यंत मला कळवा. जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, कुठेही असलात तरी मी येऊन घेऊन जाईन, आणि योग्य ते पैसे देईन.